दीडशे शब्दांच्या आत

मानपत्रं मीच लिहिते, एकतीस वर्षं.
सस्कॅटून, विद्यापीठ, शैक्षणिक मानसशास्त्र विभाग,
तिसरा मजला, झेरॉक्स मशीनशेजारचं टेबल.
डीनसाहेबांचा नियम एकच: दीडशे शब्दांच्या आत.
समारंभात मंचाजवळचं लाल दिव्याचं बटण
तेही माझ्याच हाती.
बोलणारा लांबला की दाबायचं.

यंदा माजी विद्यार्थी तीन.

मिरियम टाइकरोब. वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी
अकरा पुस्तिका, चार देशांत वापर.
हे लिहिलं.
ती स्वतः 'स' वर अडायची, म्हणून
'सस्कॅटून' म्हणायच्या ऐवजी वर्षभर
'इथं' म्हणत राहिली, हे नाही लिहिलं.

ऑस्टॅप ह्रिट्साक. चाचण्यांच्या गणितात
त्याच्या नावाचं एक सूत्र आहे म्हणतात.
मला सूत्र कळत नाही.
तोंडी परीक्षेत पहिल्यांदा नापास झाला
तेव्हा माझ्या खुर्चीत बसून त्यानं
माझं अर्धं सँडविच खाल्लं, मोहरी लावलेलं,
एक अक्षर न बोलता.
दुसऱ्या दिवशी आईनं केलेलं बीटाचं सार
बरणीत घालून आणलं.
बरणी अजून माझ्याकडे आहे. पेनं ठेवते.

आणि व्हर्ना हॅल्केट.
सव्वीस वर्षं उत्तरेकडच्या शाळा,
रस्ता संपतो तिथून पुढं गोठलेल्या तळ्यावरून गाडी,
मागच्या सीटवर चाचण्यांची पेटी,
ठोकळे थंडीनं बोटाला चिकटायचे.
एकशे सत्तेचाळीस शब्द झाले.
तीन उरले, सुचले नाहीत.

नोव्हेंबरची संध्याकाळ. बाहेर उणे एकोणीस.
कोटांच्या खोलीत ओल्या लोकरीचा वास,
सभागृहात कॉफी आणि टाळ्या.
ऑस्टॅपनं आभार मानले चाळीस सेकंदांत.
मिरियमनं 'सस्कॅटून' पूर्ण उच्चारलं,
सावकाश,
आणि स्वतःशीच हसली. का, ते दोघींनाच माहीत.

व्हर्नानं सन्मानचिन्ह टेबलावर पालथं ठेवलं.
म्हणाली: एक मुलगा होता, सात वर्षांचा. नाव नाही सांगणार.
जानेवारी होता.
त्याला चित्र दाखवलं, घराचं.
विचारलं, यात काय राहून गेलंय?
पुस्तकातलं उत्तर: दाराची मूठ.
तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला,
धूर नाही.
एवढं बर्फ पडलंय आणि धुराड्यातून धूर नाही.
आतली माणसं कुठं गेली?

मी शून्य दिलं, व्हर्ना म्हणाली.
पुस्तकात धूर नव्हता.
मापात पाप दुकानातच होतं असं नाही,
काटा अगदी सरळ असतानाही होतं.
दोन गुण कमी पडले, मुलगा वेगळ्या वर्गात गेला,
मागच्या दारानं आत जावं लागायचं त्या वर्गात.
ते दोन गुण परत द्यायला मी पुन्हा पुन्हा तिकडे जाते.
दरवेळी दुसऱ्याच मुलाला द्यावे लागतात.

साडेसहा मिनिटं झाली होती.
डीनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी कॉफीचा कप बटणावरून बाजूला घेतला
आणि कपातच बघत बसले.

ती खाली उतरली तेव्हा टाळ्या लगेच आल्या नाहीत.
आधी कुणीतरी खुर्ची सरकवली.
मग आल्या.

आज सकाळी फाइल लावताना
तिचं मानपत्र पुन्हा यंत्रात घातलं.
शेवटच्या ओळीनंतर टाइप केलं:
धूर नाही.
दोन शब्द.
एकाची जागा अजून उरलीय.
ती तशीच ठेवून पंच केलं, दोरा ओवला.